शिखरावरची हवा आणि खालचे हारतुरे

एव्हरेस्टवर कोणी पोचले की आपल्या वृत्तपत्रांना दोन शब्द हटकून आठवतात. एक 'सर केले' आणि दुसरा 'पादाक्रांत केले'. पहिला शब्द गडकिल्ल्यांच्या लढायांच्या वर्णनांतून आपल्या कानांत बसलेला. दुसऱ्याचा सरळ अर्थ पायाखाली घातले. वस्तुतः २९ मे १९५३ रोजी हिलरी आणि तेनसिंग त्या शिखरावर पहिल्यांदा उभे राहिले ते अवघी पंधरा मिनिटे. तेवढ्यात छायाचित्रे घेऊन झाली, तेनसिंगांनी थोडा खाऊ देवाला म्हणून बर्फात पुरला, आणि दोघे प्राणवायूचा हिशेब करीत उतरू लागले. जिंकलेल्या किल्ल्यावर कोणी असे वागत नाही. पाहुणा म्हणून आलेला माणूस, यजमानाची मर्जी फिरायच्या आत, जसा निघतो तसे ते निघाले.

या यजमानाचे नाव हवा. बातम्यांत तिचा उल्लेख अगदीच नसतो असे नाही. 'प्रतिकूल हवामानाशी झुंज देत' हे एक वाक्य ठरलेले असते, आणि ते मला नेहमी खटकते. आठ हजार मीटरच्या वर प्रतिकूल हवामानाशी झुंज देता येत नाही. तेथे हवा चांगली असेल तर माणूस वर जातो, नसेल तर परत येतो, किंवा परत येत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, उंच शिखरावर सर्वांत अवघड काम हवा ओळखून वेळेवर पाठ फिरवण्याचे आहे. आणि फक्त शिखरावर पोचलेल्यांनाच हार घालण्याची आपली जी रीत आहे, ती नुसती अपुरी नाही, तर काही अंशी माणसांच्या जिवावर उठणारी आहे. हे विधान कडक वाटेल. म्हणून आधी ती हवा आणि ते बर्फ काय प्रकरण आहे ते पाहू.

मे महिन्याच्या अखेरीस आपण महाराष्ट्रात आकाशाकडे डोळे लावून बसतो. केरळात पाऊस आला का, कोकणात कधी येणार, याखेरीज दुसरा विषय नसतो. त्याच दिवसांत एव्हरेस्टच्या पायथ्याशी तंबू ठोकून बसलेली माणसे त्याच मोसमी वाऱ्यांची बातमी धास्तीने ऐकत असतात. हिवाळाभर या शिखराच्या माथ्यावरून पश्चिमेकडून येणारा जेट वायुप्रवाह वाहत असतो. हा प्रवाह साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरचा, म्हणजे एव्हरेस्टचे डोके अक्षरशः त्याच्यात घुसलेले असते. ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा तेथे हिवाळ्यात नवलाचा नाही. जानेवारीत शिखरावरचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ३६ अंश, आणि ऐन जुलैतही शून्याखाली १९ च्या आसपास. उन्हाळा वाढतो, तिबेटचे पठार तापते, तसा हा प्रवाह क्षीण होऊन उत्तरेकडे सरकतो; आणि दक्षिणेकडून बंगालच्या उपसागरावरचे बाष्प घेऊन मोसमी वारे निघतात. एक गेला आहे आणि दुसरा अजून पोचला नाही, अशी जी काही दिवसांची फट मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पडते, तिच्यात एव्हरेस्टची बहुतेक सारी आरोहणे उरकली जातात. फट कधी दहा दिवसांची असते, कधी दोन-तीन दिवसांची. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पूर्व नेपाळात पाऊस सुरू झाला की वर बर्फ पडू लागते आणि दार बंद होते. आपण ज्याला 'आला एकदाचा' म्हणतो, त्याला तेथे 'संपले' म्हणतात.

वारा किती आहे हे पूर्वी, आणि आजही, शिखराकडे पाहूनच ओळखत. माथ्यावरून पूर्वेकडे निशाणासारखा एक ढग फडकत असतो. तो जितका लांब आणि आडवा, तितका वारा जोरात. छायाचित्रात हे निशाण फार सुंदर दिसते. ज्या दिवशी ते सर्वांत सुंदर दिसते, त्या दिवशी वर कोणी नसावे हे बरे.

आता हवेच्या दाबाची गोष्ट. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात असते की उंच जावे तसा दाब कमी होतो, आणि आपण ते पाठ करून विसरतो. अमेरिकन वैद्यकीय संशोधन मोहिमेतील ख्रिस पिझो या डॉक्टरने २४ ऑक्टोबर १९८१ रोजी प्रत्यक्ष शिखरावर दाब मोजला. तो २५३ मिलिमीटर भरला. समुद्रकाठी हा आकडा ७६० असतो, म्हणजे शिखरावर जेमतेम एक तृतीयांश. मौज अशी की, प्रमाणित कोष्टकाप्रमाणे तो २३६ च्या आसपास यायला हवा होता. सतरा मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण त्या उंचीवर जगणे आणि न जगणे यांत अंतरच तेवढे आहे. फरकाचे कारण भूगोलाचे. विषुववृत्ताच्या बाजूला वातावरणाचा थर जाड, ध्रुवांकडे पातळ; एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला म्हणून त्याच्या माथ्यावर थोडी जास्त हवा शिल्लक आहे. हाच डोंगर अलास्कात असता तर प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय मेसनर आणि हाबेलर यांनी ८ मे १९७८ रोजी जे करून दाखवले ते बहुधा कोणालाही शक्य झाले नसते. शिवाय हा दाब ऋतूप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात उतरतो, उन्हाळ्यात चढतो. अंग रिता शेर्पा यांनी २२ डिसेंबर १९८७ रोजी नळकांड्याशिवाय शिखर गाठले त्याचे मोल यामुळे वाढते. आणि वादळ आले की दाब आणखी खाली जातो. शिखर मीटरमध्ये तितकेच राहते, पण फुप्फुसांच्या हिशेबाने ते त्या दिवशी उंच झालेले असते, आणि हे वरच्या माणसाला कळत नाही. त्याला एवढेच वाटते की आज पाऊल उचलत नाही.

बर्फाबद्दलही आपल्या कल्पना फार भाबड्या आहेत. हिंदी चित्रपटांनी बर्फ म्हणजे पांढरा कापूस असे आपल्याला शिकवले. (चित्रपटांचा राग नाही, पण नायिका शिफॉनच्या साडीत हिमशिखरांपुढे गाते तेव्हा मला तिच्या बोटांची काळजी वाटते.) उंच शिखरावर ऋतूप्रमाणे, वेळेप्रमाणे, उताराप्रमाणे बर्फाचे गुण बदलतात. पावसाळ्यात पडलेले मऊ, मांडीइतके खोल बर्फ वेगळे. वाऱ्याने ठोकून ठोकून फरशीसारखे झालेले बर्फ वेगळे. त्याच्या खालचा थर भुसभुशीत असेल तर पायाच्या वजनाने सारी फरशी सुटते आणि माणसासकट खाली जाते. हिवाळ्यात वारा बर्फ खरवडून नेतो, म्हणून त्या दिवसांत एव्हरेस्टचा माथा काळसर दिसतो आणि पायाखाली दगड व काचेसारखे कठीण हिम येते. रात्रीच्या थंडीत गोठलेला उतार पहाटे पायरीसारखा उपयोगी पडतो, तोच दुपारच्या उन्हात दगा देतो. शेवटच्या छावणीतून रात्री दहा-बाराला निघून सकाळी वर पोचावे आणि दुपार कलण्याच्या आत बरेच खाली यावे, हा नियम यातूनच आला. दुपारनंतर ढग वर चढतात. शिखरावर ठरलेल्या वेळेनंतर, म्हणजे सामान्यतः दुपारी एक किंवा दोननंतर, जेथे असाल तेथून फिरायचे, असा दंडक अनुभवी लोकांनी घातला आहे.

फार काय, शिखराची उंची हीसुद्धा बर्फाचीच बाब आहे. राधानाथ सिकदार यांच्या गणिताने ज्या शिखराला पहिला मान मिळाला, त्याची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट जाहीर झाली. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९५५ मध्ये ती ८,८४८ मीटर ठरवली. चिनी मोजणीदारांनी २००५ मध्ये बर्फाखालच्या खडकाची उंची ८,८४४.४३ मीटर दिली आणि वरचा थर साडेतीन मीटरचा सांगितला. ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ हा आकडा जाहीर केला, तो बर्फासकट. ज्याला आपण पादाक्रांत केले म्हणतो, तो खडक कोणाच्या पायाला लागलेलाच नसतो!

आणि हे बर्फही आता पूर्वीचे राहिलेले नाही. शिखराच्या खालच्या साउथ कोलवरील हिमाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. साठायला सुमारे दोन हजार वर्षे लागलेले जवळजवळ ५५ मीटर जाडीचे हिम गेल्या पंचवीसएक वर्षांत नाहीसे झाले, असा त्याचा निष्कर्ष. एवढ्या थंडीत ते वितळून वाहून गेले असे नाही. वरचे ताजे पांढरे बर्फ गेले, खालचे काळपट हिम उघडे पडले, त्याने ऊन शोषले, आणि ताटातला कापूर उडावा तसे ते कोरड्या वाऱ्यात उडत गेले. जुन्या मोहिमांची वर्णने वाचून कोणी आज तेथे गेला तर त्याला वर्णनातला उतार सापडेलच असे नाही.

एक शेवटची गोष्ट बर्फाच्या छज्ज्याची. कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला बर्फ साचत साचत अधांतरी पुढे येते. वरून पाहणाऱ्याला ती जमीनच वाटते. ऑस्ट्रियाचा हेरमान बूल हा नंगा पर्वतावर १९५३ मध्ये एकटा पोचलेला असामान्य गिर्यारोहक. २७ जून १९५७ रोजी चोगोलिसा शिखरावरून, वादळ आल्यामुळे, तो आणि कुर्ट डिमबेर्गर परत फिरले होते. निर्णय बरोबरच होता. पण धुक्यात बूलची पावले छज्ज्यावर गेली आणि तो तुटला. परतणे म्हणजे सुरक्षितपणा असे समीकरण मला मांडायचे नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले. उशीर झाला की परतीचीही वाट बंद होते.

आता परतलेल्यांकडे वळू. 'माघार' हा शब्द मराठीत बदनाम झाला आहे. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे १६६० च्या भर पावसाळी रात्री निसटून जाण्याची कथा ज्या भाषेत आपण लहानपणापासून अभिमानाने ऐकतो, त्याच भाषेत माघार म्हणजे पराभव असा अर्थ रूढ व्हावा याचे नवल वाटते. असो.

एव्हरेस्टच्या इतिहासात माघारीची परंपरा थोर आहे. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन नळकांड्याशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत एकटा गेला, भुसभुशीत बर्फाने भरलेल्या घळीत पाय ठरेना, उशीर झाला, आणि तो वळला. ती उंची १९५२ पर्यंत कोणी खात्रीलायकपणे ओलांडली नाही. चारच दिवसांनी, ८ जूनला, मॅलरी आणि आयर्विन वर गेले आणि दुपारी हिमवादळ आले. त्यांचे पुढे काय झाले याबद्दल ग्रंथालयाचे एक कपाट भरेल एवढे लिहिले गेले आहे. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला. त्या मोहिमेत सॉमरव्हेल याने हवेच्या दाबाची आणि तापमानाची नोंद इमानाने ठेवली होती. मूर व सेंपल या दोघांबरोबर आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे माजी संचालक डी. आर. सिक्का यांनी २०१० मध्ये त्या जुन्या आकड्यांवरून दाखवले की, त्या दिवशी दाब फार वेगाने घसरला होता. ते वादळ समजले जात होते त्याहून कितीतरी मोठे असले पाहिजे. शहाऐंशी वर्षांपूर्वीच्या वहीतल्या काही ओळींनी हे सांगितले. मॅलरीवरच्या कवितांनी आणि भाषणांनी ते कधी सांगितले नसते.

तेनसिंगांचेच पाहा. २८ मे १९५२ रोजी लँबेर या स्विस साथीदाराबरोबर ते शिखरापासून अडीचशे मीटर खालून परतले. पुढच्या वर्षी, त्यांच्या सातव्या मोहिमेत, शिखर लाभले. म्हणजे या माणसाच्या गाठी सहा परतणी होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत सातव्याचाच धडा असतो.

भारतीयांची पहिली एव्हरेस्ट मोहीम १९६० ची, ब्रिगेडियर ग्यानसिंग यांच्या नेतृत्वाखालची. २५ मे रोजी सोनम ग्यात्सो, नरेंद्र कुमार आणि नवांग गोंबू २८,३०० फुटांवर पोचले. शिखर सातशे फूट राहिले. वारा आणि उडणारे बर्फ असे की डोळे उघडेनात. तिघे परतले. १९६२ मध्ये जॉन डायस यांच्या मोहिमेतून पुन्हा सोनम ग्यात्सो, त्यांच्याबरोबर हरी डांग आणि मोहनसिंग कोहली, ३० मे रोजी शिखरापासून चारशे फुटांवर पोचले. पुन्हा हवा बिघडली. पुन्हा परतले. चारशे फूट म्हणजे किती? आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापासून ग्रंथालयापर्यंतही तेवढे होईल. स्वतंत्र होऊन पंधरा वर्षे झालेल्या देशाचा झेंडा पिशवीत घेऊन गेलेली ही माणसे तेवढ्या अंतरावरून वळली. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आले असेल हे मी सांगू शकत नाही. पण १९६५ मध्ये कोहलींच्या नेतृत्वाखालील मोहिमेचे नऊ जण २० ते २९ मे या काळात शिखरावर गेले, आणि त्या नऊंत ग्यात्सो होते, गोंबू होते. गोंबू तर दुसऱ्यांदा. एव्हरेस्टवर दोनदा जाणारे ते पहिले. नरेंद्र कुमार उपनेते होते, ते स्वतः कधीच एव्हरेस्टच्या माथ्यावर गेले नाहीत. म्हणून त्यांची योग्यता कमी, असे म्हणायला कोणी धजावेल का? १९६० ला ही तिघे हट्टाला पेटली असती तर १९६५ चे यश वेगळ्याच माणसांच्या नावे लागले असते, किंवा लांबले असते.

याच्या उलट १९९६ चा मे महिना. १० तारखेला रॉब हॉल आणि स्कॉट फिशर या दोन नामांकित वाटाड्यांच्या तुकड्या, पैसे भरून आलेल्या गिऱ्हाइकांसह, दक्षिणेकडून वर चढल्या. दोनचा दंडक त्यांना ठाऊक होता, नव्हे, त्यांनीच तो घालून दिला होता. पण दोन वाजून गेले तरी माणसे वर जातच राहिली. संध्याकाळी वादळ आले. दोन्ही वाटाडे आणि आणखी तिघे त्या बाजूला मेले. उत्तरेच्या बाजूने त्याच दिवशी आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे सहा जण निघाले होते. वारा वाढू लागला तेव्हा तिघे वळले, तिघे पुढे गेले. संध्याकाळी शिखर गाठल्याचा संदेश त्यांनी बिनतारी यंत्रावरून खाली दिला. ते नेमके शिखरच होते का, यावर पुढे वाद झाला. तिघेही परत आले नाहीत. गेलेल्या तिघांबद्दल पुस्तकांतून, लेखांतून बरेच लिहिले गेले. वळलेल्या तिघांची नावे शोधायला मात्र श्रम पडतात.

त्याच महिन्यात योरान क्रॉप हा स्वीडनहून सायकल मारीत आलेला तरुण ३ मेला शिखरापासून शंभरएक मीटरवरून, उशीर झाला म्हणून, वळला. ब्रीशर्स यांची चित्रपट काढणारी तुकडी तिसऱ्या छावणीवर असताना वारा पसंत पडेना म्हणून खाली आली. वर निघालेले हॉल आणि फिशर त्यांना वाटेत भेटले. क्रॉप आणि ब्रीशर्सची माणसे, दोघेही २३ मेला शिखरावर होते.

येथे एक उदाहरण माझ्या म्हणण्याला अडचणीचे आहे, तेही सांगतो. हॉलने आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, एका गिऱ्हाइकाला शिखर दिसत असताना परत फिरवले होते. तोच मनुष्य १९९६ ला पुन्हा आला, चार वाजून गेल्यावर शिखरावर पोचला, आणि हॉलबरोबर वरच राहिला. एकदा परतलेला माणूस दुसऱ्यांदा परतायला तयार होत नाही, वाटाड्यालाही त्याला परतवणे जड जाते, असे यातून दिसते. ग्यात्सो दोनदा वळले आणि जगले, हा मनुष्य एकदा वळला आणि दुसऱ्यांदा वळू शकला नाही. दोघांत फरक कशाने पडला? त्यांच्या मनात शिरण्याचा अधिकार मला नाही. पण पहिल्या परतण्याला चारचौघांत मान असता तर दुसऱ्या वेळचे ओझे थोडे हलके झाले असते, एवढे मला वाटते.

आता कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आज उपग्रह आहेत, संगणक आहेत, आठ-आठ दिवस आधी शिखरावरचा वारा ताशी किती हे तंबूत बसून कळते. खरे आहे. १९५३ ला आकाशवाणी मोहिमेसाठी खास हवामानवार्ता देत असे, तीवर सारी भिस्त होती. आता ८,८१० मीटरवर, शिखराच्या अगदी खाली, २०२२ पासून स्वयंचलित हवामान केंद्र बसवले गेले. पण या ज्ञानाचा एक विचित्र परिणाम झाला. चांगले दोन दिवस कोणते हे सर्वांनाच एकाच वेळी कळते, म्हणून सर्वजण त्याच दोन दिवशी निघतात. २०१९ मध्ये नेपाळने ३८१ परवाने दिले होते आणि हवेची फट अरुंद निघाली. २२ मेचे ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे: शिखराच्या कड्यावर रेशनच्या दुकानापुढे लागावी तशी रांग. रांगेत उभे राहून प्राणवायू संपतो, बोटे गोठतात. त्या हंगामात एव्हरेस्टवर अकरा माणसे गेली. त्यांत महाराष्ट्रातील दोघे होते. वाऱ्याने कोणाला उडवले नव्हते; हवा, अंदाजाप्रमाणे, चांगलीच होती. हवामानाचा अंदाज म्हणजे वर जाण्याचा परवाना असे आपण धरून चाललो. सल्ला देणारा अंदाज 'तुम्ही थकला आहात, परत फिरा' असे सांगत नाही.

आणि रांगेतला माणूस वळत का नाही? कारण त्याच्यामागे त्याचे गाव उभे असते. मोहिमेला लाखो रुपये लागतात. नेपाळ सरकारची फीच सप्टेंबर २०२५ पासून अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलर झाली. आपल्याकडचा मध्यमवर्गीय मुलगा कर्ज काढतो, देणग्या मागतो, निरोपसमारंभात पेढे खातो, फलकावर त्याचे छायाचित्र लागते. तो परत आला आणि म्हणाला, 'वारा होता, तीनशे मीटरवरून वळलो', तर स्टेशनवर ढोलताशे असतील का? आपल्या आश्रमशाळांतील विद्यार्थी २०१८ च्या 'मिशन शौर्य' मोहिमेत गेले आणि त्यांतील पाच जण एव्हरेस्टवर पोचले, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटला. पण त्यांच्याबरोबर त्याच थंडीत राहून माथ्यापर्यंत न गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? मलाही येत नाही.

माझ्या एका प्राध्यापकांनी हा मजकूर कच्चा असताना वाचून आक्षेप घेतला. ते म्हणाले, माघारीला हार घालू लागलात तर उद्या कोणी तळछावणीवर पत्ते खेळून परत येईल आणि हार मागेल. शिवाय धाडस हा तारुण्याचा गुण आहे, त्याला थंड पाणी कशाला? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच माझी मागणी सरसकट कौतुकाची नाही. परतणाऱ्याने सांगावे की किती वाजता, किती उंचीवर, वारा कोणत्या दिशेचा, किती अंतरावरचे दिसत होते, बर्फ कसे होते, बरोबरचा माणूस कसा होता, आणि वळायचे कोणी म्हटले. सॉमरव्हेलने ठेवली तशी नोंद. पत्ते खेळणाऱ्याजवळ ती नसेल. आणि धाडसाचे म्हणाल तर, सर, चारशे फुटांवरून वळायला जे लागते त्याला दुसरे कोणते नाव द्यायचे?

कांचनगंगेवर २५ मे १९५५ रोजी पहिल्यांदा पोचलेले बँड आणि ब्राउन सिक्कीमच्या लोकांना दिलेल्या शब्दाप्रमाणे माथ्याच्या काही पावले अलीकडे थांबले, आणि पुढील कित्येक मोहिमांनी तो संकेत पाळला. त्यांचे आरोहण अपूर्ण आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. म्हणजे मनात आणले तर शेवटची पावले सोडून मोजणे आपल्यालाही जमते.

आपल्या गिर्यारोहण मंडळापुरते बोलतो. आपण काही हिमालयात रोज जात नाही. आपला सर्वांत उंच डोंगर कळसूबाई, १,६४६ मीटर. पण मंडळाच्या वहीत गेल्या जुलैची एक नोंद आहे. शेवटच्या लोखंडी शिडीखालून, वारा आणि धुके यांमुळे, आपले बारा विद्यार्थी परत आले. नोंद दोन शब्दांची आहे: 'मोहीम अपूर्ण'. त्याच पानावर आधीच्या डिसेंबरातील मोहिमेला, आकाश निरभ्र असताना, सव्वा पान आणि उपस्थितांची संपूर्ण यादी मिळाली आहे. वार्षिकांकाच्या पुढच्या अंकात या बारा जणांपैकी कोणी, वर सांगितलेल्या प्रश्नांची उत्तरे देणारे अर्धे पान लिहावे, आणि संपादक मंडळाने ते 'यशस्वी विद्यार्थी' या सदरात छापावे. वही जिमखान्याच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे.